बिनपोटॅशची मोसंबी

आमच्या आबांच्या, म्हणजे माझे वडील कडूबा यांच्या, दोन्ही किडन्या थकलेल्या. आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस. परवा डॉक्टरांनी बजावलं, रक्तातलं पोटॅशियम काठावर आलंय, फळांचा रस थेंबभरही नको. मी भोकरदनच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणून पथ्याचा कागद माझ्याच हातात दिला.

दुसऱ्या दिवशी वडीगोद्रीहून आबांचे चुलतभाऊ रखमाजी काका आले. आमच्यात आजाऱ्याला रिकाम्या हाताने भेटत नाहीत, मग हातातल्या वस्तूने तो दगावला तरी चालेल. काकांनी स्वतःच्या बागेतली गोणीभर मोसंबी आणली होती.

मी समजावलं. "काका, पोटॅशियम पेशीच्या आत पाहिजे. पेशीच्या पडद्यात पंप असतात. ते सोडियम बाहेर फेकतात अन् पोटॅशियम आत ओढतात. रक्तातच पोटॅशियम फार झालं, तर आतबाहेरचा फरक कमी होतो अन् काळीज ठोके द्यायचं थांबतं."

काकांनी मन लावून ऐकलं. शेतकरी माणूस, पंपाचं लगेच पटलं.

"मंग बिलकुल काळजी करू नको, तृप्ती. ह्या झाडायला यंदा पोटॅश टाकलंच न्हाई. निव्वळ शेणखत."

खत घाला नाहीतर नका घालू, फळात पोटॅशियम असतंच, हे मी सांगणार होते. पण मला कॉलेजात घालावं म्हणून अख्ख्या भावकीशी भांडलेला हा एकटा माणूस. त्यांचा चेहरा पाहून माझी जीभच उचलेना.

"बरं, अर्धाच ग्लास," मी म्हणाले. असल्या उत्तराला वर्गात मी शून्य देते.

काकांचा अर्धा ग्लास म्हणजे तांब्याभर. आबांनी मिटक्या मारत संपवला.

संध्याकाळी आबांचे हातपाय गळाले, नाडी चाळिसावर आली. जीप करून जालना गाठलं. डॉक्टरांनी आधी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, मग तातडीने डायलिसिसला घेतलं. आबा वाचले. मी जिन्यात बसून रडले, आणि स्वतःची लाज वाटली ती वेगळीच.

तासाभराने डॉक्टर बाहेर आले, ते तापलेलेच.

"रस कुणी पाजला? घरात शिकलेलं कुणी नाही का?"

रखमाजी काका हात जोडून पुढे झाले. खोटं बोलायची त्यांना सवय नाही.

"हाये न साहेब. ही आमची पोरगी, कॉलेजात हेच शिकवती," ते कौतुकाने म्हणाले. "तिला बराबर विचारूनच पाजला."