नऊ जणांचा वर्ग

"बारापर्यंत कळवायचंय त्या शाळेला, आणि तुम्ही शर्टाला इस्त्री कसली करत बसलाय?" बायकोने प्लगच उपटला.

सरांनी अर्धवट इस्त्रीचा शर्ट तसाच अंगात चढवला. ते सरकारी शाळेत गणित शिकवायचे. तिथे उच्च गणिताचा वर्ग सुरू व्हावा म्हणून त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंचा उंबरा वर्षानुवर्षं झिजवला होता, तेव्हा कुठे यंदा बाईंनी मान डोलावली. अट एकच: निदान दहा मुलं हवीत. हातापाया पडून नऊ जमवली, वर त्यांची स्वतःची लेक. आज बाई वर्गात येऊन डोकी मोजणार होत्या. एक जरी कमी भरलं तरी वर्ग बंद.

आणि नेमकी पलीकडच्या रस्त्यावरच्या खासगी शाळेने लेकीला जागा देऊ केली होती, तीही फी माफ करून. तिथे उच्च गणिताचे एक सोडून तीन अभ्यासक्रम, प्रत्येकाला वेगळा शिक्षक. इथे एकच, तोही अधांतरी.

"पोरीचं नशीब उघडलंय," बायको म्हणाली. "तुमचा वर्ग चालावा म्हणून तिने त्यावर पाणी सोडायचं?"

"आणि त्या नऊ जणांनी कुठे जायचं? त्यांना कोणती शाळा बोलावतेय?"

"ते तुम्ही बघा. मी आधी माझ्या पोरीचं बघणार."

लेक दाराशी बूट घालत होती. सर तिच्याकडे वळले. "तूच सांग. काय कमी आहे तुला इथे? मी नीट शिकवत नाही?"

"छान शिकवता, बाबा." तिने नाडी घट्ट ओढली. "पण मी हात वर केला की तुम्ही फळ्याकडे वळता."

शिक्षकाची मुलगी म्हणून कोणी बोट दाखवू नये, एवढ्यासाठी सरांनी वर्गात तिला कधी प्रश्न विचारला नव्हता. याची त्यांना कोण प्रौढी! स्टाफरूममध्ये चारचौघांत सांगायचेही. या नादात आपण पोटच्या पोरीला मुकं करून ठेवलंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"मी तिथे मोजण्यापुरतीच आहे," ती म्हणाली. ती रागावली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

"फोन लाव त्यांना," सर बायकोला म्हणाले. "आजपासूनच येतेय म्हणून सांग."

शेवटच्या तासाला बाई आल्या. त्यांनी डोकी मोजली, पुन्हा मोजली.

"मुलगी आजारी आहे का, सर? तसं असेल तर मोजणीत धरते मी तिला."

बाई मनाने वाईट नव्हत्या. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी आजचं मरण उद्यावर गेलं असतं. नऊही चेहरे सरांकडे बघत होते.

"नाही, बाई. ती पलीकडच्या खासगी शाळेत गेली."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग उद्यापासून सगळ्यांनी साध्या गणिताला बसायचं." आणि त्या निघून गेल्या.

"आपल्या मुलीची सोय लावली बरोबर," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, ऐकू जाईल असं.

सरांनी ऐकलं. बोलणाऱ्याला उभं करावं असं त्यांना वाटलं नाही. तो खोटं काय बोलला होता? त्यांनी खडू उचलला आणि अर्धं राहिलेलं उदाहरण पुढे सोडवायला घेतलं. वही कोणीच उघडली नाही. घंटा होईपर्यंत ते एकेक पायरी समजावून सांगत राहिले.