गोवर्धनदादांची पुडी

"ताय, गोळ्या मी नदीत टाकल्या!" चंद्रावतीचा भाऊ जयराम अंगणातून ओरडला, तशी तिच्या औषधी पुडीसाठी बसलेली सात-आठ माणसं हसली. चंद्रावतीही हसली. स्वयंपाकघरात बसून ती कलिंगडाच्या भाजलेल्या बिया खलात कुटत होती.

हसेल नाही तर काय! तीस वर्षं उसात राबलेल्या बाईला ब्रीझे वेर्दिएर गावात कुत्रं विचारत नव्हतं. पण झेर्वेझ नावाच्या वादळानंतर तिसऱ्या वर्षी मंदिराचा कारभार बघणाऱ्या गोवर्धनदादांचा रक्तदाब, गावच्या बोलीत तांसियों, तिच्या पुडीने उतरला. दवाखान्यातल्या नर्सने तीनदा मोजला म्हणे! तेव्हापासून तिच्या अंगणात शनिवारी जत्रा, आणि बाईच्या अंगावर मूठभर मांस.

तेवढ्यात मागच्या दाराने दादांची बायको भगवती स्वयंपाकघरात शिरली. चेहरा पांढराफटक.

"जयरामनं गोळ्या खरंच सोडल्या काय गो?"

"सोडल्या. आता माझी पुडी घेतो, तुझ्या घोवासारखी."

"अय्यो, बाय!" भगवती मटकन खाली बसली. "माझा घो गोळीला हात लावत नाय. मी ती कुटते नि तुझ्या पुडीत मिसळते. रोज! त्याचा तांसियों गोळीनं उतरला गो. कुणाला बोलू नको. कळलं तर तो पुडी पण फेकेल, नि मरेल."

बत्ता हातात तसाच राहिला. चंद्रावतीला आधी भगवतीचाच राग आला. मग, खोटं कशाला बोला, स्वतःची लाज वाटली. वर्षभर मिरवलं ते दुसऱ्याच्या गोळीवर! आणि मग जयरामच्या दवाखान्याच्या कार्डावरचा दोनशेचा आकडा आठवला, तसं तिच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचा बाप याच दुखण्याने भर उसात कोसळला होता. खरं सांगावं तर हिचा नवरा जातो, न सांगावं तर आपला भाऊ.

ती बाहेर आली.

"घरी जा सगळी. माझ्या बियांत काय दम नाय. दवाखान्यात जा, गोळ्या घ्या."

"मग गोवर्धनदादाला कशी लागू पडली?" जयराम उठला.

"मीठ सोडलं असेल त्यानं."

"म्हणजे त्याची पुडी बंद?"

चंद्रावती अडकली. आत भगवती ऐकत होती.

"त्याची चालू राहील," ती म्हणाली.

"वा! परक्याला पुडी नि सख्ख्या भावाला दवाखाना!" जयरामचा चेहरा लालबुंद झाला. "मोठ्या लोकांची वैदीण झालीस!"

"झाले! तुला चिमूटभर देणार नाय. गोळी घेतल्याशिवाय माझ्या दारात येऊ नको."

जयराम अंगणातच थुंकला आणि निघून गेला. मागोमाग बाकीचेही उठले. बाईला भलताच माज चढला, असं कुणीसं मोठ्याने म्हणालंदेखील.

पुढच्या शनिवारी गोवर्धनदादा एकटेच आले. स्वारी खुशीत होती.

"लोकांची श्रद्धाच नाय, चंद्रावती. श्रद्धा असली की बी लागू पडतं. माझी पुडी बंद करू नको हां."

"नाय करणार, दादा."

तिने पुडी बांधून दिली. इतक्यात रस्त्यावर जयराम दिसला. दवाखान्याचं कार्ड सदऱ्याच्या खिशातून वर आलेलं. घर जवळ येताच त्याने पलीकडची बाजू धरली, आणि मान न वळवता तो पुढे गेला.

"तुझा भाऊ ना तो? बोलत पण नाय?" दादांनी विचारलं.

"चालतोय ना," चंद्रावती म्हणाली, आणि तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.