टीचरचे पाद्री

आमच्या घरात लोणच्याच्या बरण्या तीन आणि किड्यांच्या बरण्या चाळीस. पाहुणे आले की मी आधीच बजावते, ओटीवरच्या बरण्यांना हात लावू नका, त्यात खायचं काही नाही.

या बरण्या माझ्या नणंदेच्या, फ्लॉसीच्या. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे अख्ख्या गास गावात त्यांना ‘टीचर’ म्हणतात आणि मीही टीचरच म्हणते. लग्न केलं नाही, भावाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या घरीच राहिल्या. रिटायर झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, यांनी किडे पाळले. हिरवा, बोटाएवढा लांब, पुढचे दोन पाय छातीशी जोडून बसणारा किडा. पुस्तकात त्याला प्रार्थना कीटक म्हणतात, पण गावातल्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं ‘टीचरचे पाद्री’. कसले पाद्री! यांच्यातली बायको भुकेली असली तर भर लग्नात नवऱ्याला खाते. म्हणून टीचर लग्नाआधी दोन दिवस नवरीला झुरळं खाऊ घालायच्या, अगदी तिचं पोट तट्ट होईपर्यंत.

घरात आम्ही आमची कादोडी बोली बोलतो. किड्यांचा विषय निघाला की टीचर मात्र फळ्यासमोर उभ्या राहिल्यासारख्या शाळेच्या मराठीत शिरायच्या. “मार्था, इकडे ये. याच्या डोळ्यातला काळा ठिपका बघ. तू कुठेही उभी राहा, तो तुझ्याकडेच वळणार.” मी नाक मुरडत बघायचे. खोटं कशाला बोलू, मला किड्यांची किळस होती. पण टीचरांचं मला नवल वाटायचं. पहिली मादी त्यांना चौऱ्याण्णव साली आमच्याच वाडीच्या बांधावर, अडुळशाच्या झुडपात सापडली. तिची अंडी, त्यांची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, असा तो वंश त्यांनी सात वर्षं एकदाही तुटू दिला नव्हता. माझ्याच्याने तुळशीचं एक रोप सात महिने टिकत नाही.

मग टीचरांना मोतीबिंदू झाला. दोन वर्षं त्यांना तो काळा ठिपका दिसत नव्हता. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणायच्या, “आत्ता नको, पिल्लं फुटायची आहेत.” शेवटी दोन हजार एक सालच्या एप्रिलमध्ये सेबॅस्टियनने, माझ्या नवऱ्याने, बहिणीला न विचारता तारीख घेतली. दवाखाना वांद्र्याला, आणि नंतरचे आठ दिवस तिथेच मावसबहिणीकडे राहायचं. त्या वेळी घरात अंड्यांचा एकच पुंजका होता. काडीला चिकटलेला, सुपारीएवढा, वाळलेल्या फेसासारखा. आधीच्या माद्या म्हातारपणाने मेल्या होत्या. म्हणजे सात वर्षांचा सगळा वंश त्या एका सुपारीत.

निघताना टीचरांनी मला सगळं तीनदा समजावलं. एका सकाळी शंभर-दीडशे पिल्लं एकदम बाहेर येतील, मुंगीएवढी. एकत्र राहिली तर एकमेकांना खातील. म्हणून मऊ ब्रशने एकेक उचलायचं आणि एकेका बाटलीत ठेवायचं. खायला पिकलेल्या केळ्यावरची चिलटं. “आणि मुंग्यांपासून सांभाळ. टेबलाच्या पायांखालच्या वाट्यांतलं पाणी आटू देऊ नकोस.”

“आटू देणार नाही, टीचर,” मी म्हटलं. आणि आटू दिलं नाहीच, दिवसातून चार वेळा पाणी भरलं. पण पाचव्या दिवशी बघते तर टेबल भिंतीला टेकलेलं, आणि भिंतीवरून मुंग्यांची रांग सरळ टेबलावर. माझा जीव उडाला. टीचरांना काय तोंड दाखवू? मी टेबल ओढलं, मुंग्या झटकल्या आणि घरातला मुंग्या मारायचा खडू आणून टेबलाच्या चारी कडांना, प्रत्येक बाटलीभोवती जाडजाड रेघा ओढल्या. किती हुशार मी! स्वतःवरच खूश होऊन चहा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं फुटली. पुंजक्याला बारीक धाग्यांनी लोंबकळत होती, मग एकेक सुटून चालायला लागली. इतकीशी, पण तेवढ्यातही पुढचे पाय जोडलेले! त्या क्षणी माझी किळस कुठे गेली कोण जाणे. मी ब्रशने एकेक उचलत होते आणि बाकीची टेबलभर पळत होती. तासाभरात टेबलावरची पिल्लं उलटी पडून पाय झाडायला लागली. आधी मला कळेचना. मग ब्रशच्या टोकाला पांढरी भुकटी दिसली. मुंग्या मारायचा खडू मुंगीएवढ्या पिल्लाला कसा सोडेल? संध्याकाळपर्यंत बाटल्यांमधलीही गेली. मी टेबलाशी बसून रडले, आईच्या मयताला रडले नव्हते तशी.

सेबॅस्टियन वाडीतून आला. म्हणाला, “रडतेस काय? बांधावरून दुसरी आणून बाटलीत घाल. किडा तो किडा, फ्लॉसीला काय कळतंय.” मला हा विचार पटला, हेही कबूल करते. सकाळी उठून सगळा बांध पालथा घातला. अडुळसा बघितला, जास्वंद बघितली, केळीच्या बागेची कड बघितली, शेजाऱ्यांचं कुंपणही सोडलं नाही. एकही नाही. पूर्वी इथे पोरं काडीवर घेऊन फिरायची. सात वर्षं सेबॅस्टियनने वांग्यांवर आणि मोगऱ्यावर औषध मारलं होतं, शेजाऱ्यांनीही मारलं होतं. पंप पाठीवर घेऊन तोही माझ्याबरोबर दुपारपर्यंत शोधत होता, आणि शेवटी त्याने पंप खाली ठेवला. टीचर बरण्यांत काय सांभाळत होत्या ते आम्हा दोघांना तेव्हा कळलं.

घरी येऊन मी मेणबत्ती लावायला टेबलामागच्या भिंतीवरच्या आल्तारासमोर, म्हणजे आमच्या देवघरासमोर उभी राहिले. क्रूसामागे झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेली झावळी खोचलेली असते. तिच्या खाली काहीतरी हललं. खडूची रेघ ओढण्याआधी टेबल भिंतीला टेकलेलं होतं ना, त्याच्या आदल्या रात्रीच काही पिल्लं फुटून भिंतीवरून वर चढली असणार. मी मोजली. अकरा. चिमट्यात धरावी तर मरतील, म्हणून नवा ब्रश तीनदा धुतला आणि श्वास रोखून एकेक धुतलेल्या बाटलीत उतरवलं.

टीचर आल्या, डोळ्यावर हिरवी पट्टी. दारातच विचारलं, “किती?”

मी सगळं सांगितलं. खडूचं सांगितलं, बांधावर दुसरी शोधायला गेले होते तेही सांगितलं. टीचर ऐकत राहिल्या. मग ओल्या फडक्याने टेबल पुसायला वाकल्या. डॉक्टरांनी वाकायला मनाई केली होती, मी फडकं हिसकावलं. “बाजूला हो,” एवढंच त्या म्हणाल्या. पुढे चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवणसुद्धा स्वतः वाढून घेतलं. टीचर ओरडल्या असत्या तर बरं, असं मला वाटत होतं.

मी पहाटे उठून सडक्या केळ्यांवरची चिलटं पकडत राहिले. अकराची आठ झाली, आठाची पाच. कात टाकताना अडकून एक मेलं तेव्हा टीचर माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “यात तुझी चूक नाही. बरणी उंच हवी.” एवढ्यावर मी दिवसभर हवेत होते.

ऑगस्टमध्ये तीन उरले. दोन नर, एक मादी. टीचरांनी मादी खिडकीशी धरली, ऑपरेशनचा डोळा जवळ नेला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. “बघते आहे गं माझ्याकडे,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या त्या नव्या डोळ्यातून पाणी आलं. लग्नाआधी नवरीला झुरळं मी खाऊ घातली. नवरा वाचला. सप्टेंबरात मादीने काडीवर सुपारीएवढा पुंजका घातला. सेबॅस्टियनने बांधाकडची कड तेव्हापासून औषधाविना सोडली आहे. विचारलं तर म्हणतो, औषध संपलंय.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुपारी टीचर कॅलेंडरसमोर उभ्या होत्या. “दुसऱ्या डोळ्याची तारीख घेतली मी,” त्या म्हणाल्या. “अठरा.”

मी मनात हिशेब केला आणि दचकले. “टीचर, त्याच आठवड्यात पिल्लं फुटणार! पुढे ढकला ना.”

“कशाला?” टीचर म्हणाल्या. “तू आहेस ना घरी.”

 मी आत जाऊन चार वाट्या काढल्या आणि पाण्याने काठोकाठ भरल्या.