बी की आठ?

जरा खाली वाका. अजून थोडं. हिरव्या पंपाच्या पोटावर, मोटारीच्या अलीकडे, ती चकचकीत पट्टी दिसतेय ना? तीच मी. या पंपाची पाटी.

पंप केवढा आणि मी केवढी! पण तो बिचारा नुसता घुमतो, स्वतःबद्दल त्याला एक अक्षर सांगता येत नाही. त्याचं नाव, कूळ, ताकद, जन्मसाल सगळं माझ्या अंगावर. मी आहे म्हणून त्याला ओळख आहे.

माझा जन्म डेन्मार्कमधल्या एका कारखान्यात झाला. यंत्रानं माझ्यावर धडाधड अक्षरं ठोकली, मग कुणीतरी मला चार रिव्हेटांनी पंपाच्या पोटावर बसवलं. तिथून बोटीत बसून आम्ही दोघं आइसलंडला आलो. पश्चिमेकडच्या एका खाडीतलं हे छोटंसं गाव. एका बाजूला मासळीचा कारखाना, दुसऱ्या बाजूला चर्च, आणि मध्ये उघड्यावरचा पोहण्याचा तलाव. जमिनीखालचं गरम पाणी त्या तलावात आणि शेजारच्या गरम कुंडात ढकलायचं, हे आमचं काम.

आमच्या खोलीला एक खिडकी आहे. तिच्यातून कुंड दिसतं. बाहेर बर्फ भुरभुरत असतो आणि ही माणसं गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून गप्पा छाटत असतात. कुणाची गाय व्याली, कुणाचं कुणाशी जुळलं, मंत्री कसा बिनकामाचा आहे, सगळ्याचा निकाल कुंडात लागतो.

आमची देखभाल ग्रीमुरकडे. आडव्या अंगाचा, कामसू, हट्टी माणूस. त्याची धाकटी बहीण स्टेनवोर तलावाची व्यवस्थापक. ग्रीमुरचा पंपावर फार जीव. दर उन्हाळ्यात तो त्याला हिरवा रंग द्यायचा. आणि एकदा हातात ब्रश आला, की पंप कुठे संपतो आणि पाटी कुठे सुरू होते हे बघायला थांबतो कोण! मलाही फासायचा. थरावर थर चढत गेले आणि मी हिरव्या लोण्याखाली गाडली गेले. कुणाला माझी गरजही पडत नव्हती म्हणा. पंप घुमत होता, पाणी गरम होतं.

मग गेल्या हिवाळ्यात पंपाचं सील, म्हणजे दांड्याभोवती पाणी अडवणारं कडं, गेलं. दांड्यापाशी गरम पाण्याची धार लागली. ग्रीमुरनं पंप बंद केला, तलावाच्या दारावर पाटी लागली: 'दुरुस्तीसाठी बंद'. तिला बघून मला जरा हेवाच वाटला. तिला सगळे वाचत होते.

"घाबरू नकोस," ग्रीमुर बहिणीला म्हणाला. "या पंपाचा नंबर मला झोपेत विचार. ऐंशी, त्र्याऐंशी."

त्यानं रेक्याविकच्या दुकानदाराला फोन लावला. घाटातला रस्ता बर्फानं अडला होता, तरी पार्सल आलं. ग्रीमुरनं सील दांड्यावर चढवलं, तर बापाची टोपी पोराच्या डोक्यावर घालावी तसं ते गरागरा फिरलं.

"चुकीचं पाठवलंय लेकाच्यांनी!" तो ओरडला. पुन्हा फोन, पुन्हा तोच नंबर. पुन्हा पार्सल, पुन्हा तीच टोपी.

गावात आता चेष्टा सुरू झाली होती. पण त्या दोघांच्या घरात कुणी हसत नव्हतं. त्यांची आई ऑडनी, तिचे गुडघे पार गेलेले. जमिनीवर चार पावलं टाकायची तर भिंत धरावी लागे. पाण्यात मात्र ती रोज सकाळी तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, मग कुंडात बसून सगळ्यांना दटावायची. तलाव बंद पडला आणि ती खुर्चीला खिळली. खिडकीतून दिसणारी कुंडातली तिची जागा रिकामी बघून मलाही चैन पडेना.

एक दिवस स्टेनवोर आमच्या खोलीत तरातरा आली. डोळे लाल.

"आज आई खुर्चीतून उठलीच नाही, ग्रीमुर. म्हणते, उठून जायचं कुठे?"

"मी काय मुद्दाम करतोय का?"

"तू नंबर बघितलास का?"

"पाठ आहे मला."

"मी विचारलं, बघितलास का!"

तेवढ्यात दार ढकलून बोझेना आत आली. ती पोलंडची, मासळीच्या कारखान्यात कामाला, आणि कुंडातली ऑडनीची जिवलग मैत्रीण. तळलेल्या गोड पिळांचा डबा तिच्या काखेत होता.

"ऑडनीसाठी आणले होते. तिनं एकही खाल्ला नाही," ती म्हणाली. "म्हणून इकडे आले. भांडण पुरे. नंबर कुठाय?"

ग्रीमुरनं माझ्याकडे बोट दाखवलं. बोझेना वाकली.

"हे काय, शेवाळ?"

स्टेनवोरला हसू फुटलं. बोझेनानं फोन काढला. "मी या गावात आले तेव्हा मला तुमची भाषा ओ की ठो कळत नव्हती. औषधाची बाटली असो की पिठाची पुडी, फोटो काढायचा. फोन अक्षरं ओळखतो, लिहून देतो. बघू या, तुझा पंप काय म्हणतोय."

तिनं माझा फोटो काढला. फोननं माझ्याकडे बघितलं, विचार केला आणि लिहिलं: 'बोबो'.

"बोबो!" बोझेना खो खो हसायला लागली. "ग्रीमुर, हा पंप आहे की तान्हं बाळ?"

"बघ! तुझ्या फोनलाही वाचता येत नाही," ग्रीमुर म्हणाला.

"त्याला येतं. तू वाचण्याजोगं काही ठेवलंयस का?"

मग ग्रीमुर मुकाट्यानं गुडघ्यांवर बसला. फडक्यावर थिनर घेतलं, लाकडी चमच्यानं हळूहळू रंग खरवडला. इतक्या वर्षांनी माझ्या अंगाला वारा लागला! गुदगुल्या काय झाल्या म्हणून सांगू. बोझेनानं विजेरी बाजूनं तिरपी धरली, म्हणजे ठोकलेल्या अक्षरांच्या खळग्यांत सावली पडली. स्टेनवोरनं फोन अगदी माझ्यासमोर सरळ धरला. मी श्वास रोखला.

फोननं माझं नाव घेतलं. ऐंशी, मग बी, मग तीन.

"त्र्याऐंशी नाही, बी तीन," स्टेनवोर हळूच म्हणाली. त्यांच्या लिपीतला बी आणि आठचा आकडा सख्खे भाऊ दिसतात. रंगानं बीचे कोपरे बुजले आणि त्याचा आठ झाला होता.

ग्रीमुरनं बोट फिरवून ते अक्षर चाचपलं. पाठ सरळ होती, आठाची नसते. "बी," तो म्हणाला. "बीच आहे."

"थांब, फोनवरही आंधळा विश्वास नको," बोझेना म्हणाली. "एकदा त्यानं मला खोकल्याच्या औषधाचा अर्धा चमचा सांगायचा तर दोन चमचे सांगितले होते. स्टेनवोर, तू फोनवरचं वाच. ग्रीमुर, तू पाटीवर बघ."

आणि खरंच, खालच्या ओळीत फोननं एके ठिकाणी एकच्या जागी सात लिहिला होता. तो सुधारला. या खेपेला दुकानदाराला नंबर तोंडी सांगितला नाही. मजकूर पाठवला, सोबत माझा फोटो. माझा पहिलाच फोटो तो, आणि बरा आला होता.

सील आलं आणि कट्कन बसलं. ग्रीमुरनं कळ दाबली, पंप घुमू लागला आणि दांडा कोरडाठाक राहिला. बोझेनानं पुन्हा भरून दिलेल्या डब्यातला शेवटचा पीळ स्टेनवोरनं मोडला आणि मोठा तुकडा भावाला दिला.

त्यानंतर ग्रीमुरला नवंच वेड लागलं. गावातली प्रत्येक मोटार, झडप, पंखा, सगळ्यांच्या पाट्या त्यानं पुसल्या, फोटो काढले, फोनकडून वाचून घेतले, स्वतः ताडून बघितले आणि स्वतःच्या आणि स्टेनवोरच्या फोनवर साठवले. कॉफीच्या यंत्रालाही त्यानं सोडलं नाही. "आता माझा नंबर घे," म्हणून बोझेना गाल पुढे करते.

तलाव उघडला त्या सकाळी ऑडनी दोन्ही मुलांच्या आधारानं पाण्यात उतरली. पहिली फेरी तिला जड गेली. दुसरीत तिनं त्यांचे हात सोडले. नंतर अंगाला टॉवेल गुंडाळून, गालांवर लाली घेऊन, ती आमच्या खोलीत आली.

"कुठाय ती? जिच्यापायी मी घरात कुजत पडले होते?"

"तिच्यापायी नाही, आई," ग्रीमुर म्हणाला. "माझ्यापायी."

ऑडनीनं त्याच्याकडे बघितलं. मग ती त्याच्या खांद्यावर भार देऊन वाकली आणि नाक मला टेकेपर्यंत जवळ आली. तिच्या केसांतलं पाणी माझ्यावर टपटपलं.

"चष्म्याशिवाय काही दिसत नाही मला," ती म्हणाली. "पण चेहरा प्रामाणिक आहे."

आता मी स्वच्छ आहे. या उन्हाळ्यात रंगाचा डबा उघडण्याआधी ग्रीमुरनं माझ्यावर चिकटपट्टी लावली, आणि नंतर ती काढायलाही विसरला नाही. तुमच्याकडेही, फ्रिजच्या मागे, मोटारीच्या कुशीत, माझी एखादी बहीण धूळ खात असेल. तिला अंगठ्यानं पुसा. फोटो समोरून घ्या, उजेड बाजूनं धरा. फोननं वाचलेलं एकदा तिच्याशी ताडून बघा. तिला दुसरं काही नको असतं, कुणीतरी नीट वाचावं एवढंच.

आता निघा बघू. मला काम आहे, आणि बाहेर पाणी छान तापलंय.