दोन बोटांची फट

पाळणाघराच्या वरच्या खोलीचं दार उघडलं, आणि भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ थोरलीच्या अंगावर आली. खोलीत एकही मूल नव्हतं. छोट्या गाद्या गुंडाळून भिंतीशी उभ्या केल्या होत्या, आणि कुणाचा तरी कापडी ससा जमिनीवर उताणा पडला होता, घेरी आल्यासारखा.

"बघा आता तुम्हीच," पाळणाघराच्या बाई म्हणाल्या. "दुपारी पोरं झोपवायची खोली ही. सध्या सगळ्यांना खाली टेबलांच्या मधे आडवं करते. एकाचा डोळा लागला की दुसरं त्याच्या अंगावरून रांगत जातं. तुम्ही म्हणाला होता, छप्पर वीजही देईल आणि खोलीही गार ठेवील."

"म्हणाले होते."

"मातीची कौलं होती तेव्हा एका पंख्यावर भागायचं हो. उद्या दुपारी आमची समिती येतेय. मी तर सरळ सांगणार, काढा हे सगळं आणि आमची कौलं आम्हाला परत द्या."

थोरलीने टाचा उंचावून उतरत्या छताला तळहात लावला आणि चटकन मागे घेतला. हे छप्पर तिचं होतं. म्हणजे पाळणाघराचंच, पण त्यावरचं एकेक कौल तिने कागदावर काढलेलं, खोडलेलं, पुन्हा काढलेलं. वर काच, काचेखाली ऊन पिऊन वीज करणाऱ्या पट्ट्या, रंग भाजलेल्या मातीचा; रस्त्यावरून जाणाऱ्याला साधं कौलारू घर दिसावं असा. तिच्या कौलांचं हे पहिलंच छप्पर. हे उतरलं तर दुसरं कुणी चढवूच देणार नव्हतं.

त्या पट्ट्यांचा स्वभाव मोठा नाजूक. त्यांना ऊन हवं, पण ताप सोसत नाही. तापल्या की अंग चोरतात. म्हणून थोरलीने कौलांच्या पोटाखाली दोन बोटांची फट ठेवली होती. खाली वळचणीशी गार वारा आत शिरायचा, कौलांखालून वर सरकायचा आणि तापून आढ्यापाशी बाहेर पडायचा. कौलं निवायची, खोलीही निवायची. खरं विचाराल तर तिचं सगळं डिझाइन म्हणजे ती फट. बाकीचं कौल तिच्याभोवती बसवलेलं.

जिन्यातल्या मीटरवर तिने नजर टाकली. सकाळी वीज कशी झरझर चढली होती, आणि भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, जेवून सुस्तावल्यासारखी खाली बसली होती.

"फट बुजवलीय," ती म्हणाली.

"कुणी?"

"आमच्या गोडबोल्याने. दुसरं कोण!"

गोडबोल्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. कौलं ती करायची, विकायचा तो. छपरावर चढून खात्री करून घ्यावी हेसुद्धा तिला सुचलं नाही. राग आला की तिला आधी भाऊच दिसायचा, अगदी लहानपणापासून.

त्यांचा कारखाना म्हणजे वडिलांची कौलांची जुनी शेड. भट्टी विझून थंड झालेली, तिच्या तोंडात आता काचेची खोकी रचलेली. धाकटा टेबलाशी फोनवर कुणाला तरी "अहो, अगदी घरचंच समजा" म्हणत होता. थोरलीने फोन त्याच्या कानापासून काढून टेबलावर पालथा ठेवला.

"फोटोत छपराखाली काळी रेघ दिसते म्हणून रडत होतास ना? मिटवलीस रेघ?"

"ताई, मी काय म्हणतो, तू आधी बस. चहा..."

"चहा घाल चुलीत! तिथे पोरं उकडून निघताहेत. मी कौलांच्या परीक्षणासाठी चार दिवस बाहेर गेले, तर तू माझ्या छपराचा गळा दाबलास. दाखवायला गुळगुळीत झालं ना? लाव आता भिंतीवर फोटो, हार घाल त्याला!"

"मी हात लावला नाही. आईच्यान."

"आईला मधे आणू नकोस. ती असती तर तुझा कान तिच्या हातात असता."

धाकटा एरवी एकाला चार उत्तरं देणारा. आज तो टेबलावरची धूळ बोटाने एका कडेला नेत राहिला. "तू वर जाऊन बघ," तो शेवटी म्हणाला. "आणि बघून झाल्यावरही ओरडावंसं वाटलं, तर ये. मी इथेच आहे."

ऊन कलल्यावर तिने पाळणाघराला शिडी लावली. वळचणीपर्यंत डोकं पोचलं आणि तिला दिसलं. सगळी फट या टोकापासून त्या टोकापर्यंत सिमेंट-वाळूच्या मालाने भरली होती. कुणी घाईघाईत लिंपलेली नव्हती. कड अशी सरळ, की पट्टी लावून ओढावी. कौलाच्या काचेवर मालाचा एक शिंतोडा नाही. आणि प्रत्येक टोकाला, माल ओला असताना उठवलेला एक अंगठा.

तो अंगठा तिला पाठ होता. त्यांच्या घराच्या उंबऱ्यापाशी होता, शाळेच्या छपराला होता, अर्ध्या गावाच्या वळचणींना होता. काम मनासारखं झालं की अण्णा, तिचे वडील, तो उठवायचे.

थोरली शिडीवर तशीच उभी राहिली. दुपारपासून तोंडात धरून ठेवलेल्या शिव्या आता गिळताही येईनात आणि थुंकताही येईनात.

अण्णा घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून, दुखरा गुडघा स्टुलावर ठेवून बसले होते. तिला पाहिलं तसा त्यांचा चेहरा खुलला.

"बघितलंस वाटतं! म्हटलं, तुझ्या कधी लक्षात येतंय."

"अण्णा, तुम्ही चढलात? त्या गुडघ्यावर?"

"गुडघ्याला काय विचारायचं? तुझी माणसं वळचण उघडी टाकून गेली होती. भोकं ठेवून! आत चिमण्या शिरतील, उंदीर शिरतील, वावटळ आली तर पोटात शिरून सगळं छप्पर उचलेल. म्हटलं, पोरीचं पहिलं काम, लोक नावं ठेवतील. आपल्या घरातून अर्धवट छप्पर आजवर गेलं नाही."

"ती भोकं नव्हती!" थोरलीचा आवाज इतका चढला की शेजारची खिडकी उघडली. "ती मी ठेवली होती. मुद्दाम! तेवढ्या फटीसाठी मी डोळे फोडून घेतले. तिच्यातून वारा जायचा होता. तुम्ही ती चिणून टाकलीत, आणि वर अंगठा उठवलात!"

अण्णांचं हसू जागच्या जागी वाळलं. "छपराला कुणी मुद्दाम फट ठेवतं?"

"मी ठेवते!"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? पहिलं कौल घरी आणलं तेव्हा काय म्हणालात? 'काचेची कौलं म्हणजे बाहुलीच्या घराची.' नंतर त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नाहीत."

"पाहिलं नाही?" अण्णांनी पाय स्टुलावरून खाली घेतला, कण्हले आणि कण्हल्याचा राग तिच्यावरच काढला. "तू घरात नसलीस की रोज हातात घेऊन बघायचो. तू बँकेच्या साहेबांना चित्रं दाखवलीस, समितीपुढे भिंतीवर पडदा लावून बोललीस. त्या पडद्यासमोर बापाला एक खुर्ची टाकली असतीस तर काय तिकीट लागलं असतं?"

थोरली तरातरा घरात शिरली. हरली की ती दार आपटायची. तिने आपटलं.

सकाळी उजाडताच ती छिन्नी-हातोडी घेऊन वळचणीशी पोचली. शिडी धरायला धाकटा आला होता, न बोलावता.

"तुला माहीत होतं," ती वरून म्हणाली.

"तेव्हाही शिडी मीच धरली होती," तो म्हणाला. "ते ऐकेनात, ताई. आणि खोटं कशाला बोलू, रेघ मिटली तेव्हा मला बरंच वाटलं."

"गोडबोल्या तो गोडबोल्याच."

तिने छिन्नी लावून घाव घातला. माल ढिम्म हलला नाही. बापाचं काम, एका घावाला दाद कशाला देईल! तिने दात खाऊन दुसरा घातला, आणि कौलाचा कोपरा काचेसकट टचकन उडाला.

"हात ठेव खाली! हात ठेव म्हणतो ना!"

अण्णा फाटकातून येत होते, लंगडत, काखेत कसलंसं फडकं. आले ते सरळ शिडीशी.

"अण्णा, तुम्ही चढायचं नाही," दोघं एकदम म्हणाली.

"बाजूला हो. ही माझ्या मालावर हातोडी चालवतेय की नारळ फोडतेय? आणि तू रे, शिडी नीट धर, तोंड आवरण्यापेक्षा ते सोपं आहे."

थोरली चडफडत छपराच्या कडेच्या फळीवर सरकली. अण्णा वर आले, घामाने निथळत, एकेका पायरीला शिवी घालत. फडक्यातून त्यांनी आपली बारीक छिन्नी काढली. ती मालाच्या पोटात नाही, कडेला लावली आणि हलकेच टकटक केलं. एक लांबच लांब तुकडा सुटून खाली पडला. फटीचं काळं तोंड उघडलं.

"वाईट माल नव्हता," ते पुटपुटले.

"फार चांगला होता. तोच तर वैताग!"

पुढे दोघं काम करत राहिली आणि भांडत राहिली. तिने भट्टी विझवली म्हणून ते बोलले. त्यांनी ती चालवून फुप्फुसं घालवली म्हणून ती बोलली. खाली पोरं यायला लागली होती. त्यांचे आईबाप वर बघत होते आणि बाई त्यांना "काही नाही, दुरुस्ती चाललीय" म्हणून आत घेत होत्या. शेवटचा तुकडा पडला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं.

अण्णा कडेच्या फळीवरून बसत-सरकत आढ्यापाशी गेले. थोरली ओरडत होती, तरी गेले. आढ्याच्या तोंडाशी त्यांनी तळहात धरला. बराच वेळ धरला. मग दुसरा धरला.

"कढत आहे," ते म्हणाले. "धुराड्यासारखा ओढतोय."

"तेच तर सांगत होते."

"काल सांगत होतीस. आधी नाही." त्यांनी हात काढला नाही. "चिमण्या मात्र शिरणार."

"जाळी बसवीन."

"आधी का नाही बसवलीस? जाळी दिसली असती तर कुणीही समजला असता, हे भोक ठेवलेलं आहे, राहिलेलं नाही. मी काय वेडा होतो बुजवायला?"

थोरलीला असा राग आला की कान तापले. कारण म्हातारा बरोबर बोलत होता. सगळ्या चित्रांत, सगळ्या हिशोबांत वारा कुठून जाणार ते तिने बाणाने दाखवलं होतं. छपरावर चढणाऱ्या माणसाला ते बाण कसे दिसणार, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता साचा बदलायचा, खालच्या रांगेच्या कौलाला जाळीची खाच द्यायची. पुन्हा सगळं कागदावर!

समिती दुपारी आली. बाईंनी त्यांना आधी जिन्यातल्या मीटरपाशी नेलं; वीज कालच्यासारखी बसली नव्हती. मग वरच्या खोलीत नेलं. बाईंनी छताला हात लावला आणि तो तिथेच राहू दिला. समितीतल्या कुणी तरी विचारलं, काढायचं आहे ना? बाई म्हणाल्या, "थांबा जरा." भिंतीशी गुंडाळलेल्या गाद्यांतली एक त्यांनी उलगडली, उताणा ससा तिच्यावर ठेवला, आणि खाली हाक मारली, "त्या रडक्याला आणा ग वर. तो इथे झोपला तर सगळी झोपतील."

अण्णा अजून छपरावरच होते, आणि त्यांना एकटं सोडायला नको म्हणून थोरलीही. उतरायला सोपं जाईल म्हणून ऊन कलेपर्यंत थांबतो म्हणाले, पण नजर वळचणीवर फिरत होती, या टोकाकडून त्या टोकाकडे.

"काय शोधताय?" थोरलीने विचारलं.

"काम झालं. पण मालच राहिला नाही. अंगठा उठवायचा कुठे?"

"उठवा माझ्या कपाळावर!" ती खेकसली.

तर त्यांनी खरंच उठवला. सिमेंटच्या धुळीने भरलेला अंगठा, तिच्या कपाळाच्या मधोमध, चांगला दाबून.

"दुखतंय, अण्णा!"

"दुखू दे," ते म्हणाले. "त्याशिवाय उठत नाही."

खालून धाकटा ओरडला, "उतरणार आहात का कुणी? माझे हात गेले कामातून!"

"धरून ठेव गपचूप," दोघं एकदम ओरडली.