शिंग आणि पेला

बारावीची परीक्षा कॉम्प्युटरवर होऊ लागली तेव्हा जॉर्जियातल्या ओझुर्गेती गावातल्या बाकीच्या शिकवणीवाल्यांनी कपाळाला हात लावला. जुंबेर मास्तरांनी मिशीला लावला.

घाबरण्यासारखंच होतं ते. हे यंत्र सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका देत नव्हतं. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न कठीण, चुकलं की सोपा. मागे फिरून दुरुस्ती नाही. आणि शेवटी पडद्यावर तिथल्या तिथे गुण, दहापैकी. साडेपाचाच्या खाली गेलात तर नापास, मग प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला बसता येत नाही. वर्ष गेलं.

"यंत्राला तमादा समजा," मास्तर मुलांना सांगत. "मेजवानीत सगळ्यांना पेले उचलायला लावणारा तमादा काय करतो? पहिला पेला नीट रिकामा केलात की पुढच्या वेळी मोठा देतो, मग वाइनने भरलेलं बैलाचं शिंगच हातात ठेवतो. पण पहिल्यालाच तोंड वाकडं केलंत, की तुमच्यापुढे पोरासोरांचा लहान पेला. मग रात्रभर तोच. म्हणून पहिले पाच प्रश्न जिवाच्या कराराने सोडवायचे. आणि सोपा प्रश्न समोर आला, तर ओळखायचं की यंत्राच्या मनातून आपण उतरलो."

आमच्या गुरिया प्रांतात लहान पेला कुणालाच नको असतो. मास्तरांकडे रांग लागली. ते फक्त कठीण प्रश्न शिकवत, त्यांना 'शिंगाचे प्रश्न' म्हणत, आणि सोपे प्रश्न पुस्तकात आले की पान उलटत. खुद्द मास्तरांना तिसऱ्या पेल्यानंतर जमीन हलताना दिसायची, ही गोष्ट निराळी. ती त्यांच्या बायकोला, लामझिराला, तेवढी माहीत होती.

परीक्षेच्या आठवडाभर आधी शाळेत नमुना परीक्षा ठेवली होती, ज्याला हवं त्याने बसून बघावं. कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली मास्तरांच्या चुलत बहिणीकडे, त्सियालाकडे होती. मास्तर गेले ते यंत्र बघायला नव्हे, यंत्राला आपण बघायला मिळावं म्हणून. भौतिकशास्त्र निवडलं आणि बाह्या सरसावल्या.

पहिला प्रश्न आला. उतारावरून सुटलेली गाडी. मास्तर तो सोडवायचं सोडून विचार करू लागले, हा शिंगाचा की पेल्याचा? ठरेना. बरोबर उत्तर आधी निवडलं होतं, मग पहिला प्रश्न आहे, घाई नको म्हणून बदललं. दुसरा प्रश्न जरा सोपा वाटला. उतरलो! मास्तरांच्या कानशिलावर घाम आला. तिसरा त्याहून सोपा. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तसे मास्तर एकेक पायरी खाली जाऊ लागले, आणि शेवटी पडद्यावर आलं: बल कोणत्या एककात मोजतात?

तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेला तो माणूस त्या ओळीकडे बघत राहिला. इतकं सोपं कुणी विचारेल का? काहीतरी डाव आहे. 'न्यूटन' तर शेंबडं पोरही सांगेल. मास्तरांनी डाव ओळखला आणि 'जूल' वर दाबलं.

पाच पॉइंट दोन.

त्सियाला मागेच उभी होती.

"जुंबेरा, माउस बिघडलाय म्हणू का?"

"म्हण."

"बिघडलेला नाही पण."

"त्सियाला, तुला तुझ्या पोरांची शपथ, कुणाला सांगू नकोस."

"शपथ कशाला घालतोस रे मेल्या? आता मी जगू कशी?" ती म्हणाली, आणि खरंच त्या आठवड्यात तिला भाजी आणायला बाजारात जाता येईना. मास्तर समोर दिसले की ती आभाळाकडे बघायची.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मास्तर रात्री स्वतःशीच म्हणत. पण नुसतं म्हणून काय होतं? घरात तेकला होती. मास्तरांची एकुलती एक लेक. तिला राजधानीत, तिबिलिसीला जाऊन गुरांची डॉक्टर व्हायचं होतं. आडवं आलेलं वासरू तिने गेल्या हिवाळ्यात एकटीने सोडवलं होतं, पण भौतिकशास्त्राचं पुस्तक उघडलं की तिचा चेहरा त्या गाईसारखा व्हायचा. बाकीचे विषय सुटले होते, हा एक राहिला होता. आणि बाप तिला रोज शिंगाचे प्रश्न पाजत होता.

"सांगून टाका ना तिला काय ते," लामझिरा म्हणाली. तिला काही ठाऊक नव्हतं, पण नवरा ताटातली चीज भरलेली खाचापुरी तशीच ठेवतो म्हणजे काहीतरी आहे, एवढं ती जाणून होती.

"काय सांगू?"

"मला काय माहीत? जे घशात अडकलंय ते."

मास्तर उठून तेकलाच्या टेबलापर्यंत गेले. तिने वर पाहिलं. "बाबा, सोपा प्रश्न आला की समजायचं आपण उतरलो, हो ना?" तिने विचारलं, आणि तिच्या डोळ्यांतली भीती त्यांना दिसली. आता सांगायचं. सांगायचं की हे सगळं थोतांड आहे, तुझा बाप त्यात तोंडघशी पडला.

"दिवा जवळ घे," मास्तर म्हणाले. "डोळे जातील." आणि अंगणात जाऊन त्यांनी स्वतःला गाढव म्हटलं. गाढव निदान ओझं तरी वाहतं.

परीक्षेच्या सकाळी शाळेच्या फाटकापाशी अर्धं गाव जमलं होतं. मास्तरांच्या शिकवणीतल्या मुलांच्या आया पुढेच होत्या, आणि त्यांच्यात सगळ्यांत पुढे गुलनारा, जिचे जुळे मुलगे मास्तरांकडे होते.

तेकलाने फाटकातून मागे वळून विचारलं, "बाबा, पहिले पाच सावकाश ना?"

सगळ्या आया मास्तरांकडे बघत होत्या.

"सावकाश," मास्तर म्हणाले.

तेकला आत गेली. गुलनारा कौतुकाने म्हणाली, "मास्तर, तुमच्या लेकीची काय काळजी? शिंगावर शिंग रिचवेल!"

तेव्हा मात्र जुंबेर मास्तरांनी मान वर केली. वर, दुसऱ्या मजल्यावर, मुलं एकेका कॉम्प्युटरपुढे बसत होती. आत सोपा प्रश्न येईल, पोर थरथरेल, आणि तिचं वर्ष जाईल, कशासाठी? बापाच्या मिशीसाठी? मास्तर फाटकाच्या गजावर चढले.

"तेकलाऽऽ! सोपा प्रश्न आला तर घाबरू नकोस! सोपा म्हणजे सोपाच असतो! शिंगाचं आणि पेल्याचं सगळं विसर! मी बसलो होतो नमुन्याला, मला पाच पॉइंट दोन पडले! ऐकतेस का? पाच पॉइंट दोन!"

शाळेचा गणवेशातला राखणदार धावत आला. "मास्तर, खाली उतरा! आणि कुणाला सांगताय? नव्या दुहेरी काचा आहेत त्या. आत तोफ ऐकू जायची नाही."

मास्तर उतरले. विजार गजाला लागून गुडघ्याशी फाटली होती.

"पाच पॉइंट दोन?" गुलनाराने हळूच विचारलं. "म्हणजे मास्तर, तुम्ही नापास?"

"नापास."

"भौतिकशास्त्रात?"

"बाकीच्या विषयांना बसलोच नाही, बाई. नाहीतर तिथेही."

"तरी मी म्हणत होतो," भिंतीला टेकून बसलेला म्हातारा ओतिया म्हणाला, "यंदा मिशी फार वर चढलीय." मग जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती मास्तरांनी फाटकावर चढून उघडली होती, आणि जिच्यासाठी उघडली तिला पत्ताही नव्हता. हा पराक्रमसुद्धा पाच पॉइंट दोनाचाच, मास्तरांना वाटलं.

तासाभराने मुलं बाहेर येऊ लागली. गुलनाराच्या एका मुलाला आठ पडले, दुसऱ्याला सातच्या वर. ती गोंधळून मास्तरांपुढे उभी राहिली. "मग हे कसं हो?"

"मला विचारू नका," मास्तर म्हणाले. "मी नापास आहे."

तेकला सगळ्यांत शेवटी आली. डोळे लाल, मान खाली. ती बापाजवळ आली आणि दंडाला धरून त्यांना बाजूला ओढत कुजबुजली, "पाच पॉइंट सहा."

"पास?"

"हो."

"अगं मग रडतेस कशाला?"

"सगळे लहान पेलेच आले, बाबा. पहिल्यापासून. तुम्ही शिकवलेलं एक शिंग आलं नाही. मग म्हटलं, आता उतरलेच आहे तर जे विचारलंय तेवढं तरी सांगावं." तिला पुन्हा हुंदका आला. "जुंबेर मास्तरांची मुलगी आणि पाच पॉइंट सहा! आता तुमच्याकडे कोण येईल शिकायला? आपण मागच्या फाटकाने जाऊ या ना. कुणी विचारायच्या आत."

सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही. पोर आत थरथरली होती ती स्वतःसाठी नव्हे, त्यांच्या नावासाठी. आणि ते नाव तर केव्हाच संपून गेलं होतं. इतका आनंद त्यांना नाव मिळालं तेव्हाही झाला नव्हता.

"मागच्या फाटकाने का?" ते म्हणाले, आणि तिचा हात धरून थेट गर्दीत शिरले.

"किती?" गुलनाराने विचारलं. तेकलाने बापाचा हात घट्ट आवळला.

"पाच पॉइंट सहा!" मास्तर ओरडले. "घरात सर्वांत जास्त!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, ओतियाने टोपी उडवली, आणि तेकला वेड्यासारखी एकेकाकडे बघू लागली. "म्हणजे काय? बाबा? हे हसतायत का?"

"मी सांगते, मी सांगते!" त्सियाला जिन्यावरून धावत आली. "आठवडाभर पोटात धरून ठेवलंय, माझाच मान आहे!" आणि तिने सगळं सांगितलं, घामासकट, बलाच्या एककासकट.

तेकला ऐकत राहिली. मग तिने फाटलेल्या विजारीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

"बल कशात मोजतात, ते मलाही आलं होतं," ती म्हणाली. "मी न्यूटनवर दाबलं. दुसरं काय दाबणार?"

"तेच ना, बाळा," जुंबेर मास्तर म्हणाले. "दुसरं काय दाबणार."