सुधारित वेळ

सासऱ्यांनी निवृत्तीनंतर विजेवर चालणारी खेळण्यातली आगगाडी घेतली, तेव्हा घरात आधी हसू पिकलं आणि मग घरातली एक खोली गेली. मागची ती खोली नातीसाठी ठेवलेली. पण मुलगी चार वर्षांची, आईच्या कुशीतून हलायला तयार नाही, मग खोली रिकामी कशाला ठेवायची, असं म्हणता म्हणता तिथे प्लायवूडची मोठी फळी आली, फळीवर रूळ आले, टीचभर फलाट आला, हिरव्या रंगात भिजवून वाळवलेल्या भुशाचं गवत आलं, आणि एका टोकाला वर्तमानपत्रं नि प्लास्टर यांचा एक डोंगर उभा राहिला, ज्याच्या पोटातून दोन हात लांबीचा बोगदा जात होता. फळीखालचं वायरींचं जंजाळ दिसू नये म्हणून सुनेनेच जुना पडदा कापून चारी बाजूंनी झालर लावून दिली. झालर आपण लावली, हे तिला पुढे फार आठवायचं.

सासऱ्यांनी रेल्वेच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं वेळापत्रकं केली होती. गाडी चालवणारे वेगळे, बावटा दाखवणारे वेगळे. यांनी जन्मभर रकाने भरले. घरच्या गाडीलाही अर्थात वेळापत्रक होतं: भिंतीवर चिकटवलेला आखीव कागद, पेन्सिलीचं कोरीव अक्षर, सुटण्याची वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटं, बोगद्यात प्रवेश, बोगद्यातून बाहेर, सगळं सेकंदासकट. नातीला ते गार्डसाहेब म्हणत. गार्डसाहेबांचं काम असं, की हिरवा बावटा दाखवायचा, गाडी डोंगरात शिरली की आपणही त्याच कोपऱ्यातून झालरीखाली शिरायचं, वरच्या घरघरीबरोबर रांगत जायचं, आणि गाडी पलीकडे निघाली की केसांना जळमटं लावून, बावटा उंचावत पलीकडच्या कोपऱ्यातून बाहेर यायचं.

"गार्डसाहेब, गाडी?"

"वेळेवर!"

मग दोघं एकमेकांना कडक सलाम ठोकत.

सुनेला मोजायची खोड होती. मुलगी तान्ही असताना ती तिचे श्वास मोजत बसायची. पुढे जिन्याच्या पायऱ्या, गॅसची बटणं, खिडक्यांच्या कड्या. नवरा म्हणायचा, "तुला घड्याळ म्हणून भिंतीवरच टांगायला हवं." ती हसायची, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. बोगदा सातात संपायचा. हातात वाळलेल्या कपड्यांचा ढीग असला तरी ती दारात थांबून मनात सात अंक म्हणायची, आणि सातला इंजिन आणि मुलगी, दोन्ही बाहेर. एका मंगळवारी सात झाले, आठ झाले, आणि दोघं नवाला बाहेर आली.

"बाबा, आज गाडीला उशीर झाला."

"रूळ पुसायला झालेत," सासरे म्हणाले.

रूळ पुसले. दुसऱ्या दिवशीही नऊच. बाकीच्या वळणांवर गाडी होती तशीच पळत होती. तिने नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "दोन सेकंद? अगं, दोन सेकंदांत माणूस शिंकतो." तिलाही वाटलं, आपलं हे नेहमीचंच. मागच्या वर्षी ताप म्हणून ती मुलीला उचलून डॉक्टरांकडे धावली होती, आणि कपाळ नुसतं उन्हाने तापलेलं निघालं होतं. त्यावरून जेवताना अजून तिची चेष्टा व्हायची. म्हणून या खेपेला शहाण्या माणसासारखं वागायचं ठरवून तीच म्हणाली, "बाबा, कागदावर नऊच लिहून टाका ना. म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल."

सासऱ्यांचा चेहरा खुलला. "हे तुला कोणी शिकवलं? कचेरीत आम्ही हेच करायचो. एखादी गाडी रोजच रखडायला लागली की गाडीच्या मागे लागायचं नाही, वेळ सुधारायची. अठ्ठावीस वर्षांत माझ्या कागदावर एक गाडी उशिरा आली नाही, सूनबाई!" त्यांनी खोडरबर काढलं, सात खोडले, नऊ लिहिले, वर फुंकर मारली. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी बरोबर नवाला मुलगी बाहेर आली तेव्हा सुनेला इतकं हलकं वाटलं, की तिने आपणहून सासऱ्यांना दुसऱ्यांदा चहा करून दिला.

पंधरा दिवसांत नवाचे वीस झाले, मग चाळीस. रोज थोडं वाढलेलं, रोज सुधारलेलं, आणि म्हणून रोज वेळेवर. कागदावर पन्नास होते त्या दिवशी तिसाव्या अंकाला तिला राहवेना आणि तिने गुडघ्यावर बसून झालर वर केली. वायरी, ट्रान्सफॉर्मर, एक रिकामं खोकं, त्यामागे भिंत. मुलगी नव्हती. वर डोंगराच्या पोटात चाकांची घरघर मात्र चालू होती, जरा लांबून आल्यासारखी. तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत पलीकडून इंजिन निघालं, आणि त्याच्यामागे झालर सारून मुलगी.

"आई, मध्येच नाही बघायचं," ती म्हणाली.

"कुठे होतीस तू?"

"खूप लांब आहे ते," मुलगी म्हणाली, आणि सलाम राहिला म्हणून आजोबांकडे वळली.

आपल्याला नीट दिसलं नसेल, अंधार होता, असं तिने स्वतःला समजावलं. असं समजावण्यात तिचा हात कोणी धरू शकलं नसतं. पण रविवारी सकाळी तिने मुलीची नखं कापली, आणि त्याच संध्याकाळी, गाडीची फेरी झाल्यावर, दुधाचा पेला हातात देताना पाहिलं तर नखं बोटांच्या पुढे आली होती आणि त्यांत कोळशासारखं काळं साचलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली, कचऱ्याच्या डब्यातून सकाळची कागदाची पुडी शोधून काढली आणि ओट्यावर उलगडली. नखांचे दहा तुकडे होते. तिने दोनदा मोजले.

सोमवारी चाराला ती मागच्या खोलीत गेली ती गाडी बंद करायची असं ठरवूनच. फक्त, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगायचं, याची जुळवाजुळव दारात उभ्या उभ्या चालली होती. "बाबा, मी काय म्हणते," एवढं ती म्हणाली आणि चार वाजून दहा मिनिटं झाली. हिरवा बावटा हलला. झालर हलली. कागदावर एक मिनिट दहा सेकंद होते.

तिने सत्तर मोजले. मग शंभर. मग ती अडीचशेपर्यंत गेली, आणि मोजणं सुटलं.

झालर तिने ओरबाडून काढली. खाली कोणी नव्हतं. खोकं फाडलं, घरभर हाका मारल्या, आणि परत येऊन पाहते तो सासरे खोडरबर हातात घेऊन भिंतीपाशी उभे. 'बोगद्यातून बाहेर'च्या रकान्यात त्यांनी चार वीस लिहिलं होतं. थोड्या वेळाने चार पस्तीस. तिने कोपऱ्यातली हातोडी उचलली तेव्हा ते तिच्याकडे न वळताच, अगदी हळू म्हणाले, "डोंगर फोडू नकोस. बोगदाच राहिला नाही, तर ती निघणार कुठून?"

"मग करंट तरी बंद करा!"

"गाडी आत उभी राहील, सूनबाई."

तिने हातोडी जागेवर ठेवली.

नवरा साडेसहाला आला. फळीखाली पोटावर सरपटत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि शर्टाला धूळ माखून बाहेर आला. "पोलिसांना काय सांगू?" त्याने विचारलं, आणि तिघांपैकी कोणालाच ते वाक्य जुळवता येईना. मग त्याची नजर भिंतीवर गेली. कागदावर सात वाजून पाच मिनिटं होती. त्याने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"पाच मिनिटं आहेत अजून," तो म्हणाला, आणि भिंतीला टेकून खाली बसला.

तिला त्याचा मनस्वी संताप आला. आणि त्याच क्षणी, त्या पाच मिनिटांपुरतं, आपल्याही छातीवरचं ओझं किंचित उतरलंय, हे तिच्या लक्षात आलं.

साताचे साडेसात झाले, मग आठ. खोडून खोडून कागद त्या जागी विरत गेला आणि शेवटी पेन्सिल आरपार भिंतीला लागली. सासऱ्यांनी तो उतरवला, नवा कोरा कागद फळीच्या कडेवर पसरला आणि पट्टी लावून रकाने आखायला घेतले. सुटण्याची वेळ. बोगद्यात प्रवेश. बोगद्यातून बाहेर. डोंगराच्या पोटात चाकं चालतच होती, पण आता ऐकायला श्वास रोखावा लागत होता. शेवटच्या रकान्यापाशी त्यांचा हात थांबला. मग त्यांनी पट्टी थोडी डावीकडे सरकवली, वेळेच्या आधी आणखी एका अरुंद रकान्यापुरती जागा धरली, आणि त्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं, तारीख.

पट्टी एका टोकाने सरकू लागली. रेघ वाकडी जाऊ नये म्हणून तिने पुढे होऊन पट्टीचं दुसरं टोक धरलं.